मोहाखालची जागा

उखा मास्तरची एक खोड होती. चहाचा कप हातात आला की त्याच्या तोंडून त्याचं गाव बाहेर पडायचं. सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत छत्तीस लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं, एक शेड होतं, उखा तिथला दुरुस्तीचा मास्तर होता आणि बंद पडलेला लूम पुन्हा चालता करण्यात उखाचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. पण हातात पाना असला की मुका, आणि कप आला की सुरू. बोरठाण्याची आंबराई, बोरठाण्याची साखरेसारखी वाळू, बोरठाण्याच्या उतारापाशी तापी कशी वळण घेते, ऐकून ऐकून कारखान्यातल्या ओरिसाच्या पोरांनासुद्धा ते गाव पाठ झालं होतं. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कालच तिकडून आलाय.

खरं पाहिलं तर उखानं बोरठाणं सोडलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि त्याला आता चोवीस वर्षं झाली होती. उकाईचं धरण भरलं आणि गाव पाण्याखाली गेलं. हे उखाला माहीत नव्हतं असं नाही. पण गाव बुडताना त्यानं पाहिलं नव्हतं आणि त्यानंतर तो तिकडे फिरकलाही नव्हता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात ते बिचारं कोरडंच राहिलं होतं.

या खोडीनंच त्याला गोत्यात आणलं. शहाण्णव सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. छोटे शेठ केतनभाई दोन वर्षं अमेरिकेत राहून आले होते आणि तिथलं एक वेड घेऊन आले होते. तिथे म्हणे सुट्टी लागली की लोक तळ्याकाठी जाऊन तंबू ठोकतात, आणि काही जण तर अख्खं घर चाकांवर घालून नेतात. केतनभाईंनी उधन्याच्या एका गॅरेजमध्ये जुन्या मॅटाडोरच्या पोटात पलंग, गॅसची शेगडी, नळ आणि फुलाफुलांचे पडदे बसवून घेतले. कामगार तिला घरगाडी म्हणायला लागले. दिवाळीपासून कार्तिकातल्या लाभपाचमपर्यंत सुरतेतले लूम बंदच असतात, तेव्हा शेठच्या नात्यातल्या आठ घरची माणसं आणि त्यांची चौदा पोरं तापीच्या वरच्या अंगाला तीन दिवस पाण्याकाठी राहायला जाणार, असं ठरलं. तंबू मंडपवाल्याकडे सांगून झाले. राहिली होती फक्त जागा.

"उखाभाई, तमे तो ए बाजूना ने? जगा तमे ज बतावो," केतनभाई म्हणाले.

आणि नशीब असं की त्या क्षणी उखाच्या हातात कप होता. "जागा? शेठ, जागा तर आपल्या घरची आहे," तो म्हणाला, आणि लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा एक तुकडा घेऊन खूण करायच्या पेन्सिलीनं त्यानं नकाशाच काढला. ही नदी, हा उतार, ही वाळू, ही आंबराई. घरगाडी आंबराईत लावायची, तंबू वाळूच्या वरच्या अंगाला. केतनभाई खूश झाले. संध्याकाळपर्यंत आठही घरांत आंबराईची बातमी पोचली होती.

नकाशा नीट करायला म्हणून उखानं तो तुकडा घरी आणला. त्याची आई शोभाबाई खोलीच्या दारात साड्यांचे सुटे धागे कापत बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण चित्र कुणालाही कळतं. तिनं कात्री खाली ठेवली आणि घरच्या अहिराणीत विचारलं,

"हाई काय शे?"

उखानं सांगितलं. घरगाडी, तंबू, आंबराई.

"आंबराईमा गाडी लावशी?" शोभाबाई म्हणाली. "मंग गाडी कसाले, नाव लई जा. त्या आंबासना शेंडावर पन्नास हात पानी शे."

उखाची बायको सुषमा तोंडाला पदर लावून हसली. उखाचं तोंड मात्र एवढंसं झालं. त्याला हे माहीत होतं आणि तरी त्यानं नकाशा काढला होता, आणि आता हे कुणाला समजावून सांगणार? ज्यांची गावं जागच्या जागी आहेत, त्यांच्या हातून अशी चूक होत नाही. आता आठ घरांपुढे त्याचं हसं होणार होतं, पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. चोवीस वर्षांत आईच्या तोंडून त्या गावाबद्दलचा हा पहिला शब्द निघाला होता.

त्याला कारण होतं आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. गाव उठायच्या आदल्या पावसाळ्यात उखाची आठ महिन्यांची बहीण तापानं गेली. तान्ह्या लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. बोरठाण्याची अशी लेकरं गावामागच्या टेकडीच्या उतारावर पुरलेली होती. पुढच्या वर्षी सरकारी माणसं आली. त्यांनी घरं मोजली, विहिरी मोजल्या, आंब्याची झाडं मोजली. त्या उताराला त्यांच्या कागदात रकानाच नव्हता. शोभाबाईनं एकाला विचारलंही होतं, साहेब, पाणी कुठवर चढेल? त्यानं हात हवेत असा काही फिरवला की त्यात टेकडी आली की नाही, ते देवालाच ठाऊक.

मग पाणी यायच्या आधीच ते सुरतेला आले. उतार बुडाला की वाचला, ते शोभाबाईनं कधी पाहिलं नाही, आणि कुणाला विचारलंही नाही. नंदुरबारकडे लग्नाला जायची वेळ आली तर सोनगड गेलं की ती डोळ्यांवर पदर ओढून बसायची. पाहिलं नाही तोवर लेकरू कोरडं असण्याची निम्मी आशा शिल्लक होती, आणि तेवढ्या निम्म्या आशेवर तिनं चोवीस वर्षं काढली होती.

"पोरं बी येतीन का त्यासनी?" तिनं विचारलं.

"चौदा पोरं शेत," उखा म्हणाला.

शोभाबाईनं दोन-तीन धागे कापले. मग म्हणाली, "मी येसू जागा दखाले. तुम्हले काय माहित शे? तुम्ही नेमका त्या उतारवर तंबू ठोकशात. कोनी मायनं लेकरू तठे झोपी, नि तिले कोन सांगी?"

नको येऊस, असं म्हणायला उखानं तोंड उघडलं होतं, पण ती पुन्हा धागे कापायला लागली होती आणि तिची कात्री चालू असताना तिच्याशी वाद घालायची त्या घरात पद्धत नव्हती.

आंबराई पाण्याखाली आहे हे उखानं मान खाली घालून शेठना सांगितलं, आणि दुसरी जागा पाहायला रविवारी सकाळी केतनभाई स्वतः घरगाडी घेऊन आले. "आवो बा, बेसो," असं आपल्या आईला म्हणावं तसं म्हणत त्यांनी शोभाबाईला हात देऊन वर चढवलं. तिनं पलंगावर हात दाबून पाहिला, पडदा सरकवून पाहिला, नळ फिरवला तर खरंच पाणी आलं.

"चूल बी चालस, मोरी बी चालस," ती म्हणाली. "आपलं घर बी असं चाकसवर ऱ्हातं तं..." आणि तिनं नळ बंद केला.

बारडोली गेलं, व्यारा गेलं. केतनभाई अमेरिकेतल्या तळ्यांच्या गोष्टी सांगत होते. जागा कशी पाहायची त्याचं एक पुस्तकच त्यांनी बरोबर आणलं होतं. सावली हवी, पण डोक्यावर वाळकी फांदी नको. जमीन सपाट हवी, पण पाणी साचणारी नको. चाक रुतायला नको, वारा कोंडायला नको. उखा मान डोलावत होता आणि त्याचं सगळं लक्ष आईकडे होतं. सोनगड मागे पडलं तसा तिचा हात सवयीनं पदराकडे गेला. या खेपेसही तिनं पदर डोळ्यांवर ओढला, पण बसली मात्र समोर तोंड करून.

उच्छलच्या पुढे कच्चा रस्ता लागला. दोन चढ गेले, तिसऱ्या चढावर गाडी वर आली आणि केतनभाईंनी कुणी न सांगताच ब्रेक लावला.

उखानं मनात एक तलाव धरला होता. मोठा असेल, फार तर अमुक इतका मोठा. समोर होतं ते काही तलाव नव्हतं. पलीकडचा काठच दिसत नव्हता. दरीत पाणी, दरीच्या पलीकडच्या दरीत पाणी, आणि शेवटी कुठेतरी आभाळ खाली उतरून त्याला टेकलेलं. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात भरलेले त्याचे कान एकदम रिकामे झाले. त्याला भीती वाटली. देवळात पडदा सरकतो आणि मूर्ती एकदम समोर येते, तेव्हा वाटते तसलीच ती भीती होती. या एवढ्या सगळ्याच्या तळाशी आपली आंबराई आहे आणि आपण ती चहाबरोबर वाटत होतो, याची त्याला लाज वाटली.

"ओ बाप रे," केतनभाई म्हणाले. अमेरिकेची तळी पाहून आलेला माणूस तो.

शोभाबाई गाडीतून उतरली. दोन बोटांनी तिनं पदर हळूहळू डोळ्यांवरून वर सरकवला. मग तिनं हात लांब केला. पाण्याच्या मधोमध दोन म्हशी मावतील एवढं एक काळं बेट होतं.

"तो काया डोंगर शे," ती म्हणाली.

"तो? माय, काया डोंगर तं केवढा व्हता!"

"व्हता ना. त्यानं डोकं राहिनं फक्त. त्यानी कमरवरी मी लाकडं तोडाले जाऊ." हात तिथून डावीकडे सरकला. "त्याना पायथाले नाला. नालाना आठला अंगले बाजार. तठे तुनी शाळा. ती नाव दिसस ना? ती आते मारुतीना मंदिरवरथीन चालनी."

दूर एक मासेमाराची नाव सावकाश जात होती. उखानं नावेकडे पाहिलं, मग आईकडे. सुरतेत ज्या बाईला बसचा नंबर दुसऱ्याला विचारावा लागायचा, ती बाई इथे नुसतं पाणी वाचत होती. गल्ली न गल्ली, घर न घर. त्याच्या डोळ्यांना जिथे ऊन आणि लाटा दिसत होत्या, तिथे तिला दिवेलागणीला घरी परतणारं गाव दिसत होतं. इतकी वर्षं गावाच्या गप्पा मारल्या त्यानं, आणि गाव होतं हिच्याजवळ. आपली आई केवढी आहे, ते उखाला तेहतिसाव्या वर्षी कळलं.

मग जागा शोधणं सुरू झालं. केतनभाईंना खाली पाण्यालगत एक हिरवंगार मैदान दिसलं. शोभाबाईनं वरूनच नकाराची मान हलवली. ते नाल्याचं तोंड, तिथे गाळ बसलेला, वरून गवत. केतनभाईंना पटलं नाही. ते उत्साहानं खाली गेले, चार पावलं चालले आणि पाचव्या पावलाला घोट्यापर्यंत आत. पाय निघाला, अमेरिकेचा बूट आत राहिला. तो बूट काढायला उखाला पालथं पडावं लागलं.

नंतर जवळच्या एका टेकडीचा माथा पाहिला. तिथून तर तिन्ही बाजूंनी पाणी दिसत होतं. शोभाबाईनं मूठभर वाळकं गवत उचलून सोडून दिलं, ते सरळ केतनभाईंच्या डोक्यावरून उडत गेलं.

"तंबूसना पतंग व्हई जाई," ती म्हणाली. हे मात्र सुरतेच्या माणसाला समजावून सांगावं लागलं नाही.

"तो पछी क्यां, बा?" मग कुठे, हे विचारताना केतनभाईंनी पुस्तक मिटून टाकलं होतं.

"गुरं दखा कोठे बठेल शेत. जठे गुरं बठतस तठे जमीन कोरडी ऱ्हास, सावली ऱ्हास, नि वारा बी बेताना ऱ्हास. गुरंसले पुस्तक लागस नही."

तिघांनी नजर फिरवली. पाण्यानं जिथे आत वळण घेतलं होतं, त्याच्या पलीकडच्या अंगाला एक मोठं मोहाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत वीस-पंचवीस गुरं निवांत रवंथ करत बसली होती. केतनभाई टाळी वाजवून गाडीकडे धावले. उखानं आईकडे पाहिलं. गुरं दाखवायला तिनं त्या झाडाकडे केलेला हात तसाच वर राहिला होता.

"माय?"

"महू शे तो," ती हळूच म्हणाली. "उतारवरना महू. ऱ्हायना, बुडना नही."

गाडी वळसा घालून तिथे पोचली. जागा अशी होती की मागून करून घेतली असती तरी इतकी बरोबर जमली नसती. झाडामागे पायरीसारखा सपाट पट्टा, कठीण मुरमाचा. आठ तंबू आणि घरगाडी सहज बसतील एवढा. झाडापासून पाण्यापर्यंत हळूहळू उतरत गेलेली जमीन. पाणी काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्या वरच्या अंगाला वाळक्या काटक्यांची एक रेघ, म्हणजे यंदा ते याहून वर चढलं नव्हतं. केतनभाई बेहद्द खूश होऊन पट्ट्यावर इकडून तिकडे धावत होते.

उखा झाडाखाली उभा राहिला. त्याचं ठरलं होतं. आईनं एकदा नाही म्हणावं, की तो केतनभाईंना सांगणार होता, ही जागा होणार नाही. का, ते सांगणार नव्हता. मग लोक हसू देत, आंबराईवरून जन्मभर चिडवू देत.

पण शोभाबाई जागेबद्दल बोललीच नाही. मोहाच्या बुंध्यावर हात ठेवून ती म्हणाली, "बायासले तठे लई जातस नही. तुना बाप नि काका दोन्ही लई गयात तिले. मी गल्लीना तोंडपाईन मांगे फिरनी. मंग तुना बापले मी इचारं, कोठे? तो बोलना, महूपाईन वीस पावलं, खाले. इतलंच माले माहित शे."

वीस पावलं. उखानं उताराकडे पाहिलं.

"मनं पाऊल बारीक पडस," ती म्हणाली. "तू बापना उंचीना शे. तू चाल."

त्याचा बाप शालिग्राम जाऊन अकरा वर्षं झाली होती. उंच माणूस, चालायला लागला की बरोबरच्याला पळावं लागायचं. उखानं बुंध्याला पाठ लावली आणि निघाला. पाच पावलं त्यानं बापासारखीच टाकली. सहाव्याला त्याची नजर पाण्याच्या रेषेवर गेली आणि त्याला हिशेब कळला. बापाच्या चालीनं अठराव्या पावलालाच पाणी लागणार होतं. दोन पावलं. चोवीस वर्षांच्या आशेत दोन पावलं कमी पडत होती.

त्याच्या नकळत त्याचं पाऊल आखूड झालं. बारा, तेरा, चौदा. सतरा. अठरा आणखी आखूड. विसाव्याला तो थांबला तेव्हा पाणी त्याच्या अंगठ्यापासून वीतभर लांब होतं.

"कोरडं शे, माय," तो मागे वळून म्हणाला.

शोभाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलल्यावर पाहायची तसंच.

"तुना बाप असा नवरीनागत चाले नही," ती म्हणाली.

ती उतरायला लागली. उखाच्या बाजूनं पुढे गेली, लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर धरलं आणि ज्या पाण्याचं तोंड पाहणार नाही म्हणून ती चोवीस वर्षं डोळे झाकून बसली होती, त्या पाण्यात तिनं पाय घातला. एक पाऊल. दुसरं. तिसरं. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं. समोर ते अफाट, काठ नसलेलं, आणि त्याच्या अगदी कडेला ही एवढीशी बाई.

ती वाकली. दोन्ही हात पाण्यात घातले आणि तशीच राहिली.

"उखा," तिनं हाक मारली. आवाजात रडू नव्हतं, नवल होतं. "आठे ये. हात घाल."

तो गेला. त्यानं हात घातला. दुपार भरात आलेली, ऑक्टोबरचं ऊन सकाळपासून त्या उथळ पाण्यावर आणि खालच्या दगडांवर पडत होतं.

"ऊन शे," शोभाबाई म्हणाली. तळहातावर घेतलेलं पाणी तिनं दुसऱ्या हाताच्या मनगटावर ओतलं, पुन्हा घेतलं, पुन्हा ओतलं, बाळाला न्हाऊ घालण्याआधी आया पाहतात तसं. "ऊन शे रे. माले वाटे थंडं ऱ्हाई. इतला वरीस माले वाटे, बुडनी व्हई तं मनी पोर थंडा पानीमा शे. हाई तं न्हावानं पानी शे."

आणि मग ती रडली, आणि रडताना हसलीही. उखाही ते पाणी ओंजळीत घेऊन उभा राहिला. ते खरंच कोमट होतं.

"बा!" वरून केतनभाईंनी विचारलं. "पाणी ऊंडुं छे?"

शोभाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "नही भाऊ," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "उतार बेताना शे. धाकली पोरं खेळतीन इतलंच पानी शे. गाडी वर लाव, तंबूसनं तोंड पानीकडे ठेव. नि पोरंसले आठे धाडजा. दिनभर आठेच ऱ्हाऊ द्या."

"नक्की?" केतनभाईंनी उखाला विचारलं.

उखानं होकाराची मान डोलावली. मग आवाज खाली आणून तो आईला म्हणाला, "माय, त्यासले सांगनं पडी ना? तू तं सांगाले येल व्हती."

"काय सांगनं?" ती म्हणाली. "चोवीस वरीस ती आठे एकली शे. चौदा पोरं येतीन, येऊ दे."

वर केतनभाई लांब लांब पावलं टाकत तंबूंची जागा मोजत होते. नंतर त्यांनी निघायचं म्हणून दोनदा हॉर्न वाजवला. शोभाबाई पाण्यातच उभी होती, आणि उखा तिच्या शेजारी.